आकाशगंगेचा फुगवटा आणि दंड: गोळा कुठला, पट्टा कुठला?

आकाशगंगेच्या बहुतेक चित्रांत मध्यभागी एक पिवळसर गोळा असतो आणि त्यातून आरपार गेलेला पट्टा. गोळा म्हणजे फुगवटा, पट्टा म्हणजे दंड, असं आपण शिकतो. व्याख्येपुरतं ते ठीकच आहे. अस्सल फुगवटा साधारण गोल असतो. सुरुवातीच्या काळात लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून बनलेला आणि त्यातले तारे वाटेल त्या दिशेनं फिरणारे. दंड मात्र तबकडीतूनच, म्हणजे आकाशगंगेच्या चपट्या फिरत्या भागातूनच, निपजतो. ताऱ्यांच्या कक्षा लांबट होत एका रांगेत येतात आणि तो आकार अख्खाच्या अख्खा फिरत राहतो.

आपल्या आकाशगंगेत यातलं नेमकं काय आहे, हे आतूनच ओळखायचं म्हणजे पंचाईत. सूर्य केंद्रापासून सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर, तोही तबकडीतच. मधल्या धुळीतून केंद्राचा दृश्य प्रकाश जवळजवळ पोचतच नाही. अवरक्त प्रकाश पोचतो, पण चित्रात खोली कळत नाही.

खोली कळली ती गाभ्यात हेलियम जाळणाऱ्या विशिष्ट लाल राक्षसी ताऱ्यांमुळे. त्यांची मूळ तेजस्विता जवळपास सारखी, त्यामुळे धुळीचा हिशेब वजा केला की मंद दिसेल तो तारा लांबचा. वायूच्या हालचालींवरून खगोलशास्त्रज्ञ द वोकुलर यांनी 1964 सालीच दंडाची शंका घेतली होती. 1994 मध्ये पोलंडच्या ओगल या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाच्या निरीक्षणांत हे तारे केंद्राच्या एका बाजूला दुसरीपेक्षा ठळक निघाले. गोल फुगवट्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या असत्या. म्हणजे दंड आहे आणि त्याचं एक टोक आपल्याकडे वळलेलं आहे.

खरी गंमत 2010 मध्ये झाली. तबकडीच्या वर-खाली पाहिल्यावर याच ताऱ्यांचे दोन गट दिसले, एक जवळचा, एक दूरचा. दंड केंद्राच्या दोन्हीकडे जाड झाला असेल, बाजूनं भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसत असेल, तरच हे जुळतं. थोडक्यात, आपण ज्याला फुगवटा म्हणत आलो तो बहुतांशी दंडाचाच सुजलेला मधला भाग. ताऱ्यांचे वेगही हेच सांगतात: तबकडीपासून उंचावरचे तारे खालच्यांइतक्याच वेगानं केंद्राभोवती फिरतात, म्हणजे सगळा आकार एकत्र फिरतो, दंडासारखा.

मग अस्सल फुगवटा अजिबातच नाही का? असला तर लहानसा असावा, असं मला वाटतं. वाद उरलाय तो आरआर लायरी या दहा अब्ज वर्षांहून जुन्या रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांचा. चिलीतल्या व्हिस्टा दुर्बिणीच्या अवरक्त निरीक्षणांच्या 2013 मधल्या विश्लेषणात ते जवळपास गोल पसरलेले निघाले. ओगलच्या 2015 मधल्या नकाशात मात्र दंडाच्याच दिशेनं लांबट.