इकॅरस: लघुग्रह एक, गृहपाठ भलताच

२७ जून १९४९. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत वॉल्टर बाडे यांनी ४८ इंची श्मिट दुर्बिणीने घेतलेल्या फोटोप्लेटवर एक रेघ उमटली होती. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवली जाते. त्यामुळे तारे ठिपक्यासारखे उमटतात आणि जवळून वेगाने सरकणारा लघुग्रह रेघ ओढून जातो. हा लघुग्रह निघाला जेमतेम दीड किलोमीटरचा.

कक्षा मात्र अजब होती. उत्केंद्रता ०.८३, म्हणजे लंबवर्तुळ चांगलंच ताणलेलं. ४०९ दिवसांच्या एका फेरीत तो बुधाच्याही आत, सूर्यापासून २.८ कोटी किलोमीटरवर जातो आणि मग थेट मंगळाच्या कक्षेपलीकडे. सूर्याच्या इतकं जवळ जाणारा लघुग्रह तोवर कुणी पाहिला नव्हता. म्हणून ग्रीक कथेतल्या, मेणाचे पंख वितळलेल्या इकॅरसचं नाव त्याला मिळालं. (आपल्याकडच्या संपातीलाही ते शोभलं असतं.) हा विक्रम पुढे १९८३ साली सापडलेल्या फेथनने मोडला.

पण इकॅरसची खरी ख्याती कक्षेपेक्षा एका गृहपाठामुळे झाली. जून १९६८ मध्ये तो पृथ्वीजवळून जाणार होता. टक्कर होणार नाही, हे गणिताने पक्कं होतं. तरी १९६७ मध्ये एमआयटी या अमेरिकन तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक पॉल सँडॉर्फ यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं: समजा, तो अटलांटिकमध्ये आदळणार आहे, अडवून दाखवा. पोरांनी चक्क सहा सॅटर्न-५ रॉकेटं आणि प्रत्येकावर १०० मेगाटनचा अणुबॉम्ब अशी योजना मांडली. गंमत म्हणजे सत्राचं काम चाललं होतं तेव्हा सॅटर्न-५ एकदाही उडालं नव्हतं. त्याचं पहिलं उड्डाण त्याच वर्षी नोव्हेंबरात झालं. योजना भाबडी वाटेल, पण लघुग्रह अडवण्याचा इतका तपशीलवार हिशोब त्याआधी क्वचितच कुणी केला असेल. प्रत्यक्ष लघुग्रहाची कक्षा बदलून दाखवायला २०२२ उजाडलं. तेव्हा नासाच्या डार्ट यानाने, बॉम्बशिवाय, नुसत्या धडकेने ते केलं.

१४ जून १९६८ ला इकॅरस सुमारे ६४ लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या सोळापट अंतरावरून निघून गेला. त्या दिवसांत अमेरिकेतल्या गोल्डस्टोन आणि हेस्टॅक इथल्या अँटेनांनी त्याच्यावर रडारलहरी सोडल्या आणि क्षीण का होईना, प्रतिध्वनी मिळाला. रडारने टिपलेला हा पहिला लघुग्रह.