लॅपटॉपचा कॅमेरा उजेडाचा भुकेला असतो

परवा व्हिडिओ कॉलवर मावशी म्हणाली, अरे आजारी आहेस का, किती काळवंडलायस! मी एकदम ठणठणीत होतो, फक्त पाठीमागे खिडकी होती. कॅमेरा पूर्ण चित्राच्या उजेडाचा अंदाज घेतो, त्याला खिडकी भगभगीत दिसली, त्याने सगळंच डार्क केलं आणि त्यात माझं थोबाड गेलं.

लॅपटॉपचं झाकण कडेने बघा, जेमतेम काही मिलिमीटर जाडी, त्यात मावणारी लेन्स आणि सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, केवढुसे असणार! ७२०पी कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे १२८० गुणिले ७२० ठिपके, पुरता १ मेगापिक्सेल, म्हणजे दहा लाख ठिपकेसुद्धा भरत नाहीत. पण खरं दुखणं मेगापिक्सेलचं नाहीच, उजेडाचं आहे. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० सुटी चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला फार तर ३३ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात त्या चिमुकल्या सेन्सरवर पुरेसा उजेड पडला नाही की कॅमेरा मिळालेला सिग्नल ताणून मोठा करतो आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, नाहीतर फ्रेम कमी करतो, मग हात हलवला की त्याला शेपूट फुटतं.

आणि हे दाणे पुढेही छळतात. व्हिडिओ पाठवताना सॉफ्टवेअर मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायला बघतं, दाणे तर दर फ्रेमला बदलतात, मग त्यातच डेटा संपतो आणि चित्राचे चौकोन पडतात. आपण शिव्या घालतो वायफायला! खात्री करायची तर कॉल बंद करून नुसत्या कॅमेरा ॲपमध्ये दहा सेकंद रेकॉर्ड करा, तिथेही घाण दिसलं तर नेटचा काही संबंध नाही.

आधी चष्म्याच्या फडक्याने लेन्स पुसा, झाकण उघडताना बोट नेमकं तिथेच लागतं. मग टेबल लॅम्प लॅपटॉपच्या मागे, तोंडासमोर ठेवा. २ मीटरवरचा दिवा १ मीटरवर आणला की उजेड साधारण चौपट होतो, फुकटात.

ट्यूबखाली चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर ती वेगळी भानगड. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, दर आवर्तनाला साधी ट्यूब दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि कॅमेरा ६० हर्ट्झवर सेट असला की त्याचा ताल चुकतो. विंडोजच्या कॅमेरा ॲपमध्ये फ्लिकरचं सेटिंग असतं, तिथे ५० करून बघा.