भाडेकराराचा मसुदा ऑनलाइन एडिटरवर, नोंदणी मात्र सरकारी पोर्टलवर: पुण्यातल्या घरांसाठी पूर्ण प्रक्रिया

गूगल डॉक्ससारख्या ऑनलाइन एडिटरवर भाडेकराराचा तयार नमुना उघडायचा, नावं आणि रक्कम भरायची, दोघांनी सह्या करायच्या, झाला करार, असा समज पुण्यात बराच आहे. त्यात ‘अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही’ हे पालुपद असतंच. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं; ते खोटं आहे हे सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

तरी एडिटर निरुपयोगी नाही. आधी तिथे अटी ठरवून घेतल्या की पोर्टलवर भरताना घासाघीस होत नाही. फक्त नमुना निवडताना शीर्षक बघा. परदेशी नमुने ‘लीज’चे, म्हणजे भाडेपट्ट्याचे असतात. आपल्याकडे राहत्या घरासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ करतात, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला द्यायचा करार; त्यात मालक लायसन्सर आणि भाडेकरू लायसन्सी. लीजचं मुद्रांक शुल्क वेगळं आणि भाडेकरूला मिळणारे हक्कही वेगळे.

करार कोण करू शकतं? इंडेक्स टूवर (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा; इथे खरेदीखताचा) ज्यांची नावं आहेत ते सगळे मालक, किंवा त्यांचा कुलमुखत्यारपत्रधारक. नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर दोघंही हवेत. भाडेकरू सज्ञान हवा. तीन मित्र मिळून राहणार असतील तर तिघांचीही नावं घाला. एकच नाव घालून बाकीच्यांना ‘पाहुणे’ म्हणणं डिपॉझिट परत घेताना महागात पडतं.

कागदपत्रं फार नाहीत: दोन्ही पक्षांचं आधार आणि पॅन, मिळकतीसाठी इंडेक्स टू, वीजबिल किंवा मिळकतकराचं बिल, आणि दोन साक्षीदारांचं आधार. नावं आधारवर आहेत तशीच लिहा आणि पत्ता इंडेक्स टूवरून उचला, सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरासकट. मसुद्याची लिंक पाठवताना समोरच्याला बदलाची नव्हे, टिप्पणीची परवानगी द्या. लिंक सगळ्यांसाठी खुली ठेवली असेल तर आधार क्रमांक त्यात अजिबात नको.

आता अटी. भांडणं भाड्यावरून कमी आणि बारीकसारीक खर्चावरून जास्त होतात. सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार? उंड्री, वाघोलीकडे उन्हाळ्यात टँकरसाठी वेगळी वर्गणी निघते, ती कोणाची? घर रिकामं करताना रंगकामाचे पैसे कापणार असाल तर आकडा आत्ताच लिहा; ‘योग्य ती रक्कम’ हे शब्द मालकाला सोयीचे, भाडेकरूला नाहीत. लॉक-इन (करार मध्येच मोडता येणार नाही असा काळ) किती महिने, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट चावी देताना की नंतर, गीझर बिघडला तर कोण दुरुस्त करणार, वीजमीटरचं त्या दिवसाचं रीडिंग किती, पाइप गॅसचं शेवटचं बिल कोणाचं. मिळकतकर मालकच भरेल असं लिहा. कारण महापालिकेची ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांना आहे. घर भाड्याने दिलं की ती जाते आणि मग वाढीव बिल भाडेकरूकडे सरकवायचा मोह होतो.

मसुदा पक्का झाला की नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवर जा. जिल्हा निवडून पासवर्ड तयार करायचा, मग मिळकत, पक्षकार, भाडं-डिपॉझिट आणि अटी भरायच्या. एडिटरमधला करार जसाच्या तसा अपलोड होत नाही. करार पोर्टल त्याच्या साच्यात बनवतं, तुमच्या खास अटी तेवढ्या त्यात घालायच्या.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडं २२,००० आणि मुदत २४ महिने, म्हणजे ५,२८,०००. परत मिळणारं डिपॉझिट ६०,००० असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के, दोन वर्षांचे १२,०००. एकूण ५,४०,००० वर शुल्क १,३५०. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. सूस, म्हाळुंगे, वाघोली ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, तेव्हा तिथे १,००० धरा. इतर किरकोळ शुल्क पोर्टल दाखवेल, भरणा ऑनलाइन.

त्यानंतर वेबकॅमवर फोटो आणि बोटांचा ठसा, ज्याची आधारशी पडताळणी होते. ठशाचं यंत्र घरी नसतं म्हणूनच लोक एजंटला बोलावतात. तो वेगळे पैसे घेतो, त्यामुळे सरकारी शुल्क किती आणि त्याचं किती हे आधी विचारा. मालक कोथरूडला आणि भाडेकरू खराडीला असले तरी ठसे वेगवेगळ्या ठिकाणी देता येतात. दुय्यम निबंधक, म्हणजे नोंदणी करणारे अधिकारी, तपासून मंजुरी देतात आणि नोंदणीकृत करार व त्याचा इंडेक्स टू डाउनलोड करता येतात. चूक आढळली तर परत पाठवतात. बहुतेक वेळा पत्ता किंवा नावाचं स्पेलिंग नडतं.

करार हाती आला की एक प्रत सोसायटीला द्या आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याला बिनवापर शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मुदत संपल्यावर करार आपोआप वाढत नाही, नव्याने नोंदवावा लागतो. मुदतीनंतरही भाडेकरू घर सोडत नसेल तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि मुदत संपल्यापासून भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागते.