चिनी अद्भुतकथेतील भूत-सहचर

मृत व्यक्तीचे भूत आणि जिवंत माणूस यांच्यात जडणारे सख्य, प्रेम किंवा विवाह हा चिनी अद्भुतकथेतील सर्वांत जुन्या आणि टिकाऊ विषयांपैकी एक आहे. चौथ्या शतकातील कथासंग्रहांपासून आज इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांपर्यंत तो अखंड चालत आला आहे. या कथांतील भूत पुष्कळदा घाबरवण्यासाठी नव्हे, तर सोबत मागण्यासाठी येते. ती सोबत किती खरी आहे याची कसोटी अनेकदा एकाच ठिकाणी लागते : भुताचे अवशेष कोणाच्या हाती पडतात आणि तो माणूस त्यांचे काय करतो.

प्राचीन चिनी समजुतीनुसार माणसात ‘हुन’ आणि ‘पो’ अशी दोन तत्त्वे असतात. मृत्यूनंतर हुन आकाशाकडे जाते आणि पो देहाबरोबर मातीत राहते. भुताला परतण्याचे ठिकाण असले म्हणजे ते उपद्रव देत नाही, असे झेंग राज्याचा मंत्री झिचान याने इ.स.पू. 535 मध्ये सांगितल्याची नोंद ‘झुओ झुआन’ या इतिहासग्रंथात आहे. असे ठिकाण वंशजांच्या पूजेतून मिळे. अविवाहित मरण पावलेल्या मुलीला मात्र ते ना माहेरी मिळे ना सासरी, आणि म्हणूनच या कथांत परमुलखात पुरलेल्या तरुणींची भुते इतक्या वेळा भेटतात. मृतांचे विवाह लावून ही उणीव भरून काढण्याची प्रथाही होती. इ.स. 208 मध्ये साओ साओ या सत्ताधीशाने आपला अल्पवयात वारलेला मुलगा साओ चोंग याचा विवाह झेन घराण्यातील एका मृत मुलीशी लावून दोघांचे एकत्र दफन केले.

अमरत्वाची कल्पना याच्या अगदी उलट दिशेने जाते. चिनी पुराणकथेतील अमृतप्राशन केलेली चांग-अ चंद्रावर जाते आणि पतीला कायमची अंतरते. सिद्धीच्या मागे लागलेला साधक घरदार सोडून डोंगरात निघून जातो. म्हणजे मरण पावलेली व्यक्ती घराकडे येऊ पाहते, तर मृत्यू जिंकणारी व्यक्ती घरापासून दुरावते. या नियमाला अपवादही आहेत. चौथ्या शतकातील विद्वान गे होंग याच्या नावावर असलेल्या सिद्धचरित्रांत ‘श्वेतशिला गुरू’ नावाचा एक अमर पुरुष स्वर्गारोहण नाकारतो. तिथे वरिष्ठांची सेवा फार करावी लागते आणि पृथ्वीपेक्षा जास्त कष्ट पडतात, असे कारण तो देतो.

भूत-सहचराची आरंभीची रूपे गान बाओ याच्या ‘सोउशेन जी’ या चौथ्या शतकातील संग्रहात दिसतात. त्यातील एका कथेत तान नावाच्या गरीब विद्यार्थ्याकडे रात्री एक तरुणी येते आणि त्याची पत्नी होते. तीन वर्षे माझ्यावर दिव्याचा उजेड पाडू नकोस, एवढीच तिची अट असते. त्यांना मूल होते, पण दोन वर्षांनी ती झोपेत असताना तो दिवा धरतो. तिच्या कमरेवरचा भाग मांसल झालेला असतो आणि खाली नुसती कोरडी हाडे असतात. संसाराने तिला अर्धे माणूस केले होते आणि उरलेले अर्धे त्याच्या अविश्वासाने गमावले, असा या प्रसंगाचा अर्थ लागतो. पुढे थांग श्येनत्सूच्या ‘मुदान थिंग’ (1598) या 55 प्रवेशांच्या नाटकात नायक थडगे उघडण्याचे धाडस करतो आणि तीन वर्षांपूर्वी मरण पावलेली नायिका पुन्हा जिवंत होते.

या परंपरेचे शिखर म्हणजे पू सोंगलिंग (1640–1715) याचा सुमारे 500 कथांचा ‘ल्याओझाय झीयी’ हा संग्रह होय. शांदोंग प्रांतातील हा लेखक सरकारी अधिकारपदासाठीच्या प्रांतिक परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झाला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1766 मध्ये छापला गेला. त्यातील न्ये श्याओछियेनच्या कथेत एका राक्षसी शक्तीच्या ताब्यात असलेली ही तरुणी जिन्हुआ येथील मंदिरात उतरलेल्या निंग नावाच्या प्रवाशाला भुलवायला येते. तो तिलाही नाकारतो आणि तिने आणलेले सोनेही. तेव्हा ती त्याला सत्य सांगते आणि माझी हाडे घरी नेऊन पूर, अशी विनवणी करते. तो हाडे खणून काढतो, वस्त्रात गुंडाळून नेतो आणि आपल्या अभ्यासिकेजवळ पुरतो. यानंतरचा भाग फारच हळुवारपणे लिहिला आहे. श्याओछियेन निंगच्या मागोमाग त्याच्या घरी येते, पण त्याची आई सुरुवातीला तिला रात्री घरात राहू देत नाही. ती दिवसभर घरकाम करते आणि अंधार पडला की निघून जाते. आल्यापासून तिने अन्नपाणी घेतलेले नसते, पण सहा महिन्यांनी ती पातळ पेजेचे घोट घेऊ लागते, आणि आई तर ती भूत आहे हेच विसरून जाते. निंगची आजारी पत्नी वारल्यावर दोघांचे लग्न होते व तिला मुलगा होतो. पू सोंगलिंगने पुनर्जन्माचा चमत्कार असा रोजच्या कामात आणि पेजेच्या घोटात विरघळवला आहे, आणि त्याची खरी थोरवी त्यातच आहे.

आधुनिक कादंबरीमालांनी भूत आणि अमर या दोन्ही धारा एकत्र आणल्या. मो श्यांग तोंग श्यू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ‘थियेन ग्वान त्सी फू’ ही कादंबरी 2017 पासून इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या इंग्रजी अनुवादाचे आठ खंड आहेत. तिचा नायक श्ये ल्येन हा दोनदा स्वर्गातून हद्दपार होऊन 800 वर्षांनी तिसऱ्यांदा देवपदाला पोहोचतो, आणि त्याचा सहचर ह्वा चंग हा भूतराज आहे. दोघेही मृत्यूच्या पलीकडचे असल्याने त्यांच्या नात्यात गमावण्यासारखे काही उरत नाही, अशी अडचण येथे उभी राहते. लेखिका ती जुन्या परंपरेच्याच आधाराने सोडवते : भुताची राख नष्ट झाली तर भूतही नष्ट होते, आणि ह्वा चंग आपल्या राखेपासून घडवलेली अंगठी श्ये ल्येनला देऊन टाकतो. श्ये ल्येन ती कशाची आहे हे न कळताच गळ्यातील साखळीत घालतो, आणि उलगडा पुष्कळ उशिरा होतो. इतका लांबवर ताणलेला विश्वास लघुकथेत मावला नसता. शेकडो प्रकरणांच्या कादंबरीत मात्र वाचकालाही त्या प्रतीक्षेचा काही भाग स्वतः अनुभवता येतो.