विषाणुजन्य आजार आणि मेंदूतील रक्ताची गुठळी

विषाणूचा संसर्ग चालू असताना किंवा तो ओसरल्यावर मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्त साकळून प्रवाह अडणे, ही विरळा पण गंभीर गुंतागुंत आहे. कोविड-१९च्या साथीत तिची बरीच चर्चा झाली. कांजिण्या, नागीण, इन्फ्लुएंझा आणि एचआयव्ही यांच्याशी असलेला तिचा संबंध मात्र डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता.

वाहिनीच्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल या गुठळीच्या तीन कारणांचे त्रिकूट जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांच्या नावाने ओळखले जाते. संसर्गात तिन्ही एकदम जुळून येऊ शकतात. दाहाने अस्तर बिघडते, ताप-उलट्यांनी शरीरातले पाणी घटते, रुग्ण अंथरुणाला खिळतो आणि यकृत रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन जास्त तयार करू लागते. गुठळीचा दोष म्हणूनच बऱ्याचदा विषाणूपेक्षा शरीराच्या प्रतिकाराकडे जातो. कांजिण्यांच्या विषाणूचे तसे नाही. तो मज्जातंतूंच्या गंडिकांत (मज्जापेशींच्या गाठींत) वर्षानुवर्षे दडून राहतो आणि तिथून मेंदूच्या रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीच्या) भित्तीत शिरून थेट तीच सुजवतो. कांजिण्या बऱ्या होऊन काही महिने उलटल्यावर मुलाला पक्षाघात होतो तो यामुळेच. नागीणही याच विषाणूची; ती डोळ्याभोवती उठलेल्या प्रौढांतही हा धोका वाढतो.

रोहिणी अडली तर तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे अशी लक्षणे अचानक दिसतात व घरच्यांच्याही लगेच ध्यानात येतात. नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी वाहिनी, अडली तर फसगत होते. डोकेदुखी दिवसागणिक वाढत जाते, आडवे झाल्यावर किंवा खोकल्यावर जास्त ठणकते. पुढे नजर धूसर होते, झटके येतात. तापात डोके दुखणारच, असे म्हणून सुरुवातीचे दिवस हातचे जातात. त्यात साधा सीटी स्कॅन पुष्कळदा निर्दोष येतो. नीला दाखवणारी सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी करावी लागते.

रोहिणीतली गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नीलेतल्या गुठळीवर रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन देतात, आणि वाचायला विचित्र वाटले तरी, तुंबलेल्या दाबाने मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असला तरीही देतात. अपवाद एका दुर्मीळ विकाराचा: त्यात प्लेटलेटमधील पीएफ-४ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, गुठळ्या होतात आणि प्लेटलेटही घटतात. २०२१ मध्ये सर्दी-खोकला घडवणाऱ्या अ‍ॅडेनोविषाणूवर आधारित कोविड लशींनंतर तो ओळखला गेला. पुढे खुद्द अ‍ॅडेनोविषाणूच्या संसर्गानंतरही आढळला. तिथे हेपॅरिन टाळून रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) देतात.