मूत्रपिंडाचा कर्करोग

मूत्रपिंडातील पेशी अनिर्बंध वाढून होणारा रोग. प्रौढांमधील अशा गाठींपैकी सुमारे ९० टक्के मूत्रनलिकांच्या अस्तरातून उद्भवतात. लहान मुलांतील विल्म्स गाठ हा वेगळा प्रकार.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या या मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. प्रत्येकात सुमारे १० लाख गाळण्या असतात. दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो; त्यातला दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो, बाकीचा नलिका परत शोषून घेतात. खरे कष्टाचे काम हे परत घेण्याचेच, आणि बहुतेक कर्करोगही याच नलिकांत सुरू होतो. रक्तदाब सांभाळणे आणि तांबड्या पेशी बनवण्याचा संदेश अस्थिमज्जेला देणे, हेही मूत्रपिंडाकडेच.

एका मूत्रपिंडावरही माणसाचे नीट भागते. त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आले म्हणजे गाठ नाही, असे मुळीच नाही. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र क्वचितच दिसतात. बडोद्यात कुशीत कळ आली की दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांतही आधी ‘पथरी’च (मुतखडाच) आठवते, तिच्यासाठी सोनोग्राफी करावी आणि भलतीच गाठ दिसावी, असे निदान आता सर्वत्र नेहमीचे झाले आहे. मात्र सोनोग्राफीत आढळणाऱ्या पाण्याच्या साध्या गाठी बहुधा निरुपद्रवी असतात. शंका असल्यास सीटी स्कॅन करतात. न दुखता लघवीतून रक्त गेले आणि आपोआप थांबले, तरी तपासणी टाळू नये. बडोद्यात सयाजी रुग्णालय आहे, तर नडियादचे मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल १९७८ पासून याच अवयवांच्या रोगांवर काम करते.

धूम्रपान, लठ्ठपणा, उच्च रक्तदाब आणि दीर्घकाळचे डायलिसिस यांनी धोका वाढतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. जर्मन शल्यचिकित्सक गुस्ताव्ह सिमोन यांनी १८६९ मध्ये हायडेलबर्ग येथे मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया केली, तीही कर्करोगासाठी नव्हे. आज गाठ चार सेंटिमीटरपर्यंत असल्यास शक्यतो तेवढाच भाग काढून उरलेले मूत्रपिंड वाचवतात. नेहमीच्या केमोथेरपीला हा रोग फारसा दाद देत नाही. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात व्हीएचएल हे गाठींना आळा घालणारे जनुक बहुधा निकामी झालेले असते. पेशीला प्राणवायू कमी पडल्याचा खोटा संकेत मिळतो आणि ती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. २००६ पासून वापरात असलेले सुनिटिनिब हे औषध या वाहिन्यांचीच वाढ रोखते. पुढे निवोलुमॅबसारखी प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे आली.