पाचवा काप

विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाची छोटी प्रतिकृती करायचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा सगळ्यात आधी जोत्यासाठी प्लायचा एक चौकोनी तुकडा कापला. बाजू १२० मिलिमीटर. चारही काप त्याच छोट्या टेबल सॉवर (टेबलातून वर डोकावणाऱ्या गोल पात्याच्या करवतीवर), त्याच मायटर गेजला (लाकूड ठरल्या कोनात धरून पुढं नेणाऱ्या सरकत्या टेकूला) टेकवून, तुकडा दर वेळी पाव फेरा फिरवत. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार, लावून खिडकीच्या उजेडाकडं धरला. तीन कोपऱ्यांत गुण्याच्या मुळाशी केसाएवढी फट. चौथ्यात मात्र टोकाकडं पोस्टकार्ड सरकेल एवढी. यंत्र एकच, हात एकच, पाच मिनिटांत चारही काप झालेले. मग चौथ्या कोपऱ्यानंच काय पाप केलं होतं?

हिशेब शाळेतलाच निघाला. चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश. गेज काटकोनापेक्षा ०.१ अंश जास्त कापत असेल तर पहिले तीन कोपरे ९०.१ अंशांचे होतात. चौथा कोपरा कोणी कापत नाही, तो पहिल्या आणि शेवटच्या कापाच्या मध्ये नुसता उरतो. ३६० वजा २७०.३, म्हणजे ८९.७. तिघांची उधारी चौथ्याच्या खात्यावर, आणि तीही उलट बाजूनं. म्हणूनच फट मुळाशी न दिसता टोकाला दिसली.

या उधारीचाच पुढं उपयोग होणार होता, पण ते मला तेव्हा कळलं नाही. मी गेजला शिव्या घातल्या आणि पाट करायचं ठरवलं.

पाट म्हणजे ज्याला क्रॉसकट स्लेड म्हणतात तो. स्लेड ही बर्फावरची घसरगाडी. पुण्यात ती कोण ओळखणार? आपल्याला जेवायला बसायचा पाट ठाऊक आहे, म्हणून मी सरकता पाट म्हणतो. रचना साधी आहे. एक पातळ फळी, तिच्या पोटाला दोन पट्ट्या. त्या टेबलावरच्या खाचांमधून सरकतात. फळीच्या पुढच्या आणि मागच्या काठावर एकेक उभी पट्टी. पाट करवतीवरून ढकलला की पातं फळीत स्वतःची चीर पाडतं. लाकूड आपल्या बाजूच्या उभ्या पट्टीला टेकवून धरायचं आणि लाकडासकट अख्खा पाट पुढं न्यायचा. गेजमध्ये लाकूड टेबलावर घासत जातं आणि पातं ते बाजूला ओढू पाहतं. पाटावर लाकूड हलतच नाही, पाटच हलतो.

आणखी एक फायदा चिरेचा. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी. आडवं कापताना दाता तंतू तोडून बाहेर पडतो, तेव्हा त्या शेवटच्या तंतूंच्या मागं आधार नसेल तर ते तुटण्याऐवजी वाकतात आणि उपटून निघतात. कापाच्या काठाला कुसळं येतात ती यामुळं. टेबल सॉचे पुढचे दाते वरून खाली येतात, त्यामुळं खालची बाजू आणि मागची कड उसवते. पाटाची चीर पात्याएवढीच रुंद असते. खालच्या तंतूंना फळीचा आधार, मागच्यांना उभ्या पट्टीचा. पहिला काप घेतल्यावर मी काठावरून बोट फिरवलं आणि पॉलिश पेपरचा तुकडा परत खोक्यात टाकला.

मोठ्या करवतीसाठी पाट करणं तुलनेनं सोपं. छोट्या करवतीत दोन अडचणी आहेत. पहिली उंचीची. माझं पातं ८० मिलिमीटर व्यासाचं, टेबलाच्या वर जेमतेम २० मिलिमीटर डोकावणारं. त्यातले १२ फळीनंच खाल्ले तर कापायला उरलं काय? म्हणून सहा मिलिमीटरचा प्लाय. दुसरी अडचण लांबीची. खाचेत पट्टी थोडी तरी ढिली असणारच. ती ढिलाई ०.२ मिलिमीटर आणि पट्टी १०० मिलिमीटर लांब असेल तर पट्टी साधारण ०.११ अंशानं तिरकी होऊ शकते. तीच ढिलाई मोठ्या यंत्राच्या ५०० मिलिमीटरच्या पट्टीत ०.०२ अंशावर येते. यंत्र लहान झालं म्हणून चूक लहान होत नाही, उलट डोईजड होते. माझ्या गेजचं गुपित बहुधा हेच होतं.

म्हणून पाटाच्या पोटाच्या दोन्ही पट्ट्या १५० मिलिमीटर लांब ठेवल्या, टेबल संपेपर्यंत. त्यासाठी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. तिथल्या एका वखारीत एक म्हातारे सुतारकाका सागाच्या उरलेल्या काटक्या वेगळ्या काढून ठेवतात. करवतीचा फोटो दाखवल्यावर चष्मा कपाळावर ढकलून ते म्हणाले, “साहेब, ही पोरांची का?” मी माझीच म्हटल्यावर त्यांनी न हसता दोन काटक्या काढून दिल्या. हा मोठेपणा.

मे महिना होता. पट्ट्या रंधून, खाचेत घालून पाहत, पुन्हा एक हात रंधा मारून अशा बसवल्या की बोटाच्या टोकानं ढकलल्या तरी सुळकन जात आणि हलवल्या तर खुळखुळत नसत. ढिलाई असेल ०.०५ मिलिमीटर. खूप खूश झालो. जुलैत पाट खाचेत जाईना. जोर लावला तर अर्ध्यावर अडकून बसला, ना पुढं ना मागं, आणि त्याच्यासकट अख्खी करवत टेबलावरून उचलली गेली.

मेच्या दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. जुलैत मीठ बरणीत गोळा होतं. लाकूडही त्याच हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. तंतूंच्या लांबीत फरक नगण्य असतो, आडवा फरक मोठा. त्या आडव्यातही दोन दिशा आहेत. ओलं सागवान पूर्ण वाळवलं तर वार्षिक वलयांच्या कडेकडेनं ते सुमारे ५.८ टक्के आकसतं. गाभ्याकडून सालीकडं, म्हणजे वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेनं, सुमारे २.५ टक्के. माझी पट्टी १० मिलिमीटर रुंद. लाकडातलं पाणी पाचेक टक्क्यांनी वाढलं तर पहिल्या दिशेनं ती साधारण ०.१ मिलिमीटर फुगते, दुसऱ्या दिशेनं ०.०४. ढिलाई ठेवली होती ०.०५.

पट्टीचं टोक बघितलं. वलयांच्या रेघा पट्टीच्या रुंदीला समांतर पडलेल्या, म्हणजे नेमकी वाईट दिशा रुंदीत आलेली. काटकी सुरुवातीलाच पाव फेरा फिरवून रंधली असती तर पाट अडकला नसता! त्याच लाकडाची, त्याच मापाची, फक्त कुशीवर वळवलेली. पुढच्या पट्ट्या तशाच केल्या, रेघा उभ्या ठेवून. ज्यांना ही कटकट नको त्यांनी अल्युमिनियमची पट्टी घ्यावी. तिला पाण्याशी देणंघेणं नाही आणि तापमान २५ अंशांनी वाढलं तरी १० मिलिमीटरात ती सहा मायक्रॉन वाढते. मी सागाला चिकटून राहिलो, त्याचं कारण निव्वळ हट्ट.

मेणबत्तीही घासा. कपाटाचा रुंद ड्रॉवर एका कोपऱ्यानं ढकलला की अडकतो, तसाच पाटही. पट्टीची लांबी आणि घर्षण यांवर ठरतं की किती बाजूला धरून ढकललं तर तो पाचरीसारखा आवळला जाईल. घर्षण निम्मं झालं की दुप्पट बाजूला धरलेलं चालतं. लांबी वाढवणं आपल्या हातात नाही, मेण आहे.

आता मूळ प्रश्न. मागची उभी पट्टी चिरेशी काटकोनात बसवायची कशी? गुण्यानं. पण गुण्या बरोबर आहे हे कशावरून?

गुण्याची परीक्षा सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून पेन्सिलनं रेघ ओढायची, गुण्या पालथा घालून त्याच जागी दुसरी ओढायची. गुण्या खरा असेल तर रेघा जुळतात, खोटा असेल तर फाकतात, आणि चूक दुप्पट होऊन दिसते. यासाठी दुसरा खरा गुण्या लागत नाही, ही त्यातली गंमत. खोटं बोलणाऱ्याला तीच गोष्ट उलटीकडून सांगायला लावायची.

सरळ कडेचंही असंच. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या म्हणजे सरळ असं नाही. एक पोटाळलेली आणि दुसरी तेवढीच खोलगट असू शकते. तीन घ्याव्या लागतात. तिन्ही एकमेकींशी आलटून पालटून जुळल्या तरच तिन्ही सरळ. इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली धातूचे सपाट पृष्ठभाग तयार करण्याची जी पद्धत मांडली ती याच तीनच्या युक्तीवर उभी आहे. माझ्या उभ्या पट्टीसाठी मी तीन पट्ट्या रंधल्या, त्यातली एक वापरली.

आणि पाटाच्या काटकोनासाठी पुन्हा तोच उधारीचा चौकोन. उजव्या टोकाला एकच स्क्रू मारून मागची उभी पट्टी त्याभोवती फिरेल अशी ठेवली, डाव्या टोकाला क्लॅम्प. फेविकॉलची बाटली मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवली. एक तुकडा पात्याच्या डावीकडं ठेवून चार काप घेतले, प्रत्येक कापानंतर नुकतीच कापलेली कड पट्टीला टेकेल असा घड्याळाच्या दिशेनं फिरवत. मग पाचवा काप. तो पहिल्या कडेवरूनच एक चिंधीएवढी पट्टी सोलून काढतो. चौथा कोपरा आधीच तिप्पट चुकलेला, त्याच्यावर या कापाची चूक उलट बाजूनं पडते. सोललेल्या पट्टीच्या दोन कडांमध्ये मूळ चुकीच्या चौपट कोन तयार होतो.

चौपट, म्हणजे मोजता येण्याजोगा. सोललेल्या पट्टीची दोन्ही टोकं कुसळं पुसून व्हर्निअरमध्ये धरली. पाटाच्या उभ्या पट्टीकडचं टोक ९.१४ मिलिमीटर, लांबचं टोक ८.१८. फरक ०.९६. चारनं भागून ०.२४, आणि ते १२० मिलिमीटर लांबीत. म्हणजे दर मिलिमीटरला ०.००२. अंशात ०.११. एवढा खटाटोप करून पाट त्या शिव्या खाल्लेल्या गेजएवढाच चुकत होता. मी चहा केला.

पण गेज किती चुकतं हे मला अंदाजानं ठाऊक होतं, पाट किती चुकतो ते आकड्यानं. आणि आकडा हातात आला की दुरुस्तीचंही माप मिळतं. स्क्रूपासून १६० मिलिमीटरवर पट्टी किती सरकवायची? १६० गुणिले ०.००२, म्हणजे ०.३२. पट्टीकडचं टोक जाड निघालं याचा अर्थ पट्टीचं डावं टोक माझ्याकडं झुकलंय, ते पुढं ढकलायला हवं. पट्टीच्या मागं एक ठोकळा घट्ट चिकटवून क्लॅम्प केला, पट्टीचा क्लॅम्प सैल करून दोघांमध्ये ०.३० मिलिमीटरचं फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीचं पातळ पातं, सरकवलं. तेच, गाडीचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक वापरतात ते. पुन्हा आवळलं, पुन्हा पाच काप. या वेळी फरक ०.०८. चारनं भागून ०.०२, १२० मिलिमीटरात. साधारण शंभरावा भाग अंश. माझा व्हर्निअरच ०.०२ इकडंतिकडं दाखवतो, पण तीही चूक चारनं भागली जाते, म्हणून या आकड्यावर विश्वास ठेवता येतो. मग फेविकॉलची बाटली आणली नाहीच. आणखी दोन स्क्रू मारले, कारण जुलैवर माझा विश्वास उरला नव्हता.

जिथं पातं मागच्या पट्टीतून बाहेर पडतं तिथं लाकडाचा एक जाड ठोकळा बसवा. ढकलताना अंगठा नेमका तिथंच येतो. हे यंत्र खेळण्यासारखं दिसतं, पण ८० मिलिमीटरचं पातं मिनिटाला ५,००० फेरे घेतं तेव्हा दात्याचा वेग ताशी ७५ किलोमीटर असतो. बारीक तुकडे बोटांनी धरू नयेत. मी खोडरबराची पेन्सिल उलटी करून तिच्यानं दाबतो. आणि लाकूड पूर्ण पलीकडं गेल्यावर पाट मागं ओढण्याआधी बटण बंद.

नवा चौकोन कापून वखारीत घेऊन गेलो. काकांनी खिशातला जुना, पितळी पट्टीचा गुण्या काढून चारही कोपऱ्यांना लावला, दाराकडं तोंड करून एक डोळा मिटून पाहिलं. चारही कोपऱ्यांत सारखीच, मुळाशी, अगदी बारीक उजेडाची रेघ. ते जरा थांबले. मग फळीवर गुण्यानं एक रेघ ओढली, गुण्या पालथा घालून दुसरी ओढली आणि दोन्ही रेघांकडं बघत राहिले. वर जाता जाता रेघा फाकत होत्या.

“हा तुकडा राहू द्या माझ्याकडं,” ते म्हणाले, आणि कानस शोधायला आत गेले.